तुमच्या एलियन्सचं आपसात भांडण का होत नाही?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी वाचक तिशीतली, नाव-गाव छापू नका म्हणालीये. लहानपण बदल्यांमध्ये गेलं, घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाहेर तिसरी, त्यामुळे 'तू नक्की कुठली?' या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर तिला कधी देताच आलं नाही. गेली काही वर्षं ती मराठीत एक सायन्स फिक्शन कादंबरी लिहितेय. यानाच्या अपघातातून वाचलेली माणसाची एक पोर परग्रहावरच्या एका जमातीत वाढते. या जमातीला आवाज नाही, ते पावलांनी जमिनीवर ठोके देऊन बोलतात आणि तळव्यांनी ऐकतात. मुलीच्या पायांना ते जमत नाही म्हणून ती काठीनं ठोकून बोलायला शिकते. शेवटी माणसांचं यान येतं, जायचं की राहायचं हे तिला ठरवायचंय, आणि लेखिका नेमकी तिथेच अडकलीये. ड्राफ्ट तिनं दोघांना दाखवला. मित्र म्हणाला, "ही आपलीच माणसं आहेत गं, फक्त कातडी निळी." मैत्रीण म्हणाली की त्यातला अंत्यविधी एका खऱ्या आदिवासी समाजाचा जसाच्या तसा उचललाय आणि हे बरोबर नाही. आता तिचे प्रश्न असे : पूर्णपणे परके एलियन लिहायचे कसे? दुसऱ्यांच्या कल्चरमधलं किती घेतलं तर चालतं? आणि जी स्वतःच कुठली नाही तिनं आपलेपणावर कादंबरी लिहावी का, की हे सगळं बंद करावं? पत्रासोबत तिनं सुरुवातीची काही प्रकरणंही पाठवलीयेत.

---

बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको, कारण तुमच्या ड्राफ्टबद्दल मी बरंच बोलणार आहे आणि ते सगळंच काही गोड नाहीये.

मित्रापासून सुरू करू. त्यानं दुखणं बरोबर पकडलंय पण औषध भलतंच सुचवलंय, आणि तुम्ही ते औषध घ्यायला निघालाय असं पत्रावरून दिसतंय, म्हणजे अजून परकं करायचं, अजून दोन डोळे, अजून एक चंद्र, काळाची काहीतरी उलटी कल्पना. पण पूर्णपणे परका एलियन लिहिताच येत नाही हो. लिहिणारी माणूस, वाचणारी माणसं, शब्दही माणसांचेच. ज्याचं काहीच कळत नाही त्याच्यावर पाचसहा पानं छान गूढ लिहिता येतात, तीनशे नाही लिहिता येत. आणि या प्रकारच्या गोष्टी पहिल्यापासूनच स्वतःकडे बघायला लिहिल्या गेल्यात. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या १८९८ च्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात वाचकाला सुनावलंय, पृथ्वीवर चाल करून आलेल्या मंगळवाल्यांना नावं ठेवण्याआधी ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर युरोपियनांनी काय केलं ते आठवा, तिथले लोक पन्नास वर्षांत नामशेष करून टाकले. निमित्त मंगळाचं, बोलणं घरच्यांना. यातली बोचणारी गोष्ट अशी की टास्मानियाच्या त्या मूळ लोकांचे वंशज आजही आहेत, आणि 'तुम्ही तर संपलात ना' म्हणणाऱ्यांना 'आम्ही आहोत' हे त्यांना पिढ्यानपिढ्या सांगावं लागलंय. म्हणजे त्यांच्या बाजूनं लिहिलेल्या वाक्यातही जिवंत माणसं मेलेली धरली गेली. हे डोक्यात असू द्या, तुमच्या मैत्रिणीच्या मुद्द्याला येईन तेव्हा लागेल.

मग दुखणं काय? तुमची जमात आपसात भांडत नाही. बस, एवढंच.

खरंच, एकदा फाइल उघडा आणि 'ते सगळे', 'जमात मानते', 'त्यांच्यात असं असतं' हे सर्च करून बघा. विधी आला की सगळे श्रद्धेनं उभे. वृद्धांनी ठोका दिला की सगळे गप्प. विधीचा कंटाळा आलेलं एकही जण नाही, मनातून विश्वास नाही पण लोक काय म्हणतील म्हणून करणारं कुणी नाही, पलीकडच्या दरीतल्यांचे ठोके गावंढळ वाटतात असं म्हणणारं कुणी नाही. अख्खा ग्रह आणि मत एक! इथे चार माणसांच्या घरात एकमत व्हायची मारामार असते. म्हणून तुमच्या मित्राला मुखवटे दिसले. त्याला वाटलं मुखवटा पातळ झालाय, मला वाटतं मुखवट्याच्या मागे कुणी नाहीच.

हा रोग तुमचा एकटीचा नाही, या प्रकारच्या लेखनाचा जुनाच आहे. एक ग्रह लढवय्यांचा, एक व्यापाऱ्यांचा, एक थंड डोक्याच्या तर्कवाद्यांचा. टीव्ही मालिकेत ते समजू शकतं, पाऊण तासात ग्रह दाखवून, प्रश्न सोडवून पुढे जायचं असतं. कादंबरीवर अशी कुणाची सक्ती नाही. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या कादंबरीबद्दल बोलताना सगळे त्यातल्या ग्रहावरच्या लोकांना कायमचं स्त्री-पुरुष लिंग नसतं यावरच बोलतात, आणि ती गोष्ट मोठी आहेच, पण मला विचाराल तर तो ग्रह खरा वाटतो तो तिथे दोन देश आहेत म्हणून. एकाची राजेशाही, दुसऱ्याची कागदपत्रांची नोकरशाही, मध्ये एका खोऱ्यावरून सीमेचा वाद. आणि अनेक ग्रहांच्या संघाकडून गेलेला पृथ्वीवरचा दूत तिथे परका आहे हे तर झालंच, पण ज्याला देशद्रोही ठरवून तीन दिवसांत देश सोड म्हणतात तो तिथलाच आहे, तिथेच जन्मलेला, पंतप्रधान राहिलेला. आपलेपणा कुणाला मिळतो यापेक्षा तो कुणाकडून काढून घेतला जातो हे दाखवलं की समाज उभा राहतो.

आता जरा खाजगीत शिरते, चुकत असेन तर सोडून द्या. तुम्ही जमात अशी एकसंध का लिहिलीत, याचं कारण मला तुमच्या पत्रातच सापडतंय. तुम्ही पुन्हा पुन्हा नव्या वर्गाच्या दारात उभ्या राहिलेल्या आहात. दारातून बघितलं की आतले सगळे एकमेकांचे वाटतात, सगळ्यांना सगळं माहीत, सगळ्यांचे जोक एकच, आपणच तेवढे बाहेरचे. तिसऱ्या बाकावरच्या मुलीशी महिनाभर कुणी बोललेलं नाहीये किंवा मागचे दोघं मनातून हा वर्ग कधी सुटतोय याची वाट बघतायत हे कळायला त्या वर्गात जरा राहावं लागतं, आणि तेवढ्यात तुमच्या घरी पुढची बदली आलेली असायची. तुमचा ग्रह हा दारातून पाहिलेला वर्ग आहे. आणि 'मी कुठलीच नाही' हे जे तुम्ही इतक्या खात्रीनं लिहिलंय ना, त्याच्या पोटातही तेच गृहीत आहे की बाकीचे सगळे कुठले ना कुठले तरी आहेत, पूर्ण, शंभर टक्के. आहेत का खरंच? तुमच्या ओळखीतल्या जन्मभर एकाच जागी राहिलेल्या माणसाला एकदा शांतपणे विचारून बघा. मला येणारी निम्मी पत्रं अशाच लोकांची असतात, जे कधी कुठेच गेले नाहीत आणि ज्यांना तिथेच परकं वाटतं.

रूथ युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांच्या मुलांसाठी 'थर्ड कल्चर किड्स' असा शब्द वापरला होता. तुमची केस तंतोतंत ती नाही, पण त्यातलं 'थर्ड' बघा. आईबापांचं एक कल्चर, जिथे राहतो तिथलं दुसरं, आणि या दोन्हींच्या मध्ये राहणाऱ्यांनी मिळून बनवलेलं तिसरं. ती रिकामी जागा नाही, तिथेही रीतिरिवाज असतात, जोक असतात, ओळखीच्या खुणा असतात. तुम्ही तिथल्या आहात. आता त्याला 'कुठलीच नाही' म्हणायचं असेल तर म्हणा बापडं.

शिवाय कादंबरीच्या दृष्टीनं ही जागा वाईट तर नाहीच. नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्येच, म्हणजे योगायोगानं ले ग्विनची ती कादंबरी आली त्याच वर्षी, एक मुद्दा मांडला होता जो एलियन लिहिणाऱ्या प्रत्येकानं भिंतीवर लावावा. ते म्हणतात की समूह वेगळा टिकतो तो आतल्या मालामुळे, म्हणजे पोशाख, गाणी, विधी वगैरेंमुळे तेवढा नाही, जेवढा 'आत कोण, बाहेर कोण' ही रेघ राखली जाते त्यामुळे. आतला माल बदलत राहतो, माणसंही रेघ ओलांडून ये-जा करतात, तरी रेघ राहते. तुम्ही तुमच्या वहीत मालाची यादी केलीये, कपडे, सण, तीन चंद्रांचं कॅलेंडर. रेघ कुठे आहे, ती कोण राखतं, कुणाला बघून न बघितल्यासारखं करतं, हे नाहीये. आणि यातली तज्ज्ञ तुम्ही आहात, तुमचा मित्र नाही.

रेघ शोधायला शरीरापासून सुरुवात करा. मुंग्यांमध्ये आपलं कोण हे अंगावरच्या मेणचट थराच्या वासावरून ठरतं, एकमेकींना चाटून, घासून, अन्न भरवून तो वास वारुळभर वाटला जातो, वेगळा वास आला की हल्ला. आणि तरीही काही निळ्या फुलपाखरांच्या अळ्या तसाच वास अंगाला आणून, काही तर राणीमुंगीसारखा आवाज काढून, आत राहतात आणि मुंग्या त्यांना भरवतात. म्हणजे पक्की रेघसुद्धा फसवता येते. मग तुमच्या जमातीची रेघ कशात असेल? तुमच्याकडे ठोके आहेत आणि काठी आहे, आणि तुम्ही त्या काठीशी फार घाईनं वागलाय.

तिसऱ्या प्रकरणात तुम्ही लिहिता, 'काही ऋतूंत ती काठीनं बोलायला शिकली आणि त्यांच्यातली एक झाली.' अहो, अख्खी कादंबरी या एका वाक्यात कोंबलीत तुम्ही! थांबा जरा तिथे. लाकडाचा ठोका आणि पायाचा ठोका एकसारखा लागेल का? तिचं प्रत्येक वाक्य जमिनीतून पोहोचताच कळणार की हे काठीचं आहे, बोलणारी दिसायच्या आत. हा झाला तिचा ॲक्सेंट, आणि तो कधीच जाणार नाही, ती कितीही शुद्ध ठोकू दे.

आता ऐकण्याचं. हत्तीसुद्धा पायांतून जमिनीची कंपनं टिपतात, तुमच्या जमातीचं तर सगळं कानकाम तळव्यांकडेच. म्हणजे त्यांच्यात कुजबूज शक्य नाही, आजूबाजूचे सगळे सगळं ऐकणार. आणि मुलीच्या तळव्यांना ते कळत नाही. तर मग तिच्याबद्दल वस्तीत जे बोललं जातं ते तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत असतं! हे तुमच्या लक्षात आलंय का? पाचव्या प्रकरणात ती काठीचं टोक जबड्याला टेकवून ऐकते असं एक सुंदर वाक्य आहे, हाडातून आवाज पोहोचतो हे शास्त्रालाही धरून आहे, पण तुम्ही ते वाक्य टाकून पुढे गेलात. ती काठी जबड्याला लावते तेव्हा सगळ्यांना दिसतं की आता ही ऐकतेय. मग बोलणं बदलत असेल. ती वाकायला लागली की शेजारचा ठोका थांबत असेल. एखादं दुष्ट पोर मुद्दाम ती काठी खाली ठेवायची वाट बघत असेल, आणि एखादं भलं म्हातारं तिनं काठी लावली की मगच बोलत असेल, म्हणजे तिला नंतर कुणाला विचारावं लागू नये. नव्या भाषेत राहिलेल्या कुणालाही हा सीन समजावून सांगावा लागणार नाही.

आणि अजून एक. त्या जमातीत म्हातारी, पाय मोडलेली, जन्मतःच पाय अधू असलेली मंडळी कशी बोलतात? तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या मते त्यांच्याकडेही काठ्या आहेत. म्हणजे काठी ही 'माणसाची खूण' राहत नाही, जमातीत आधीपासून काठीवाले आहेत, आणि त्यांच्याबद्दल मतं आहेत. कुणी म्हणेल काठीचा ठोका सभेत धरायचा नाही, कारण काठी कुणाच्याही हातात असू शकते, पाऊल खोटं बोलत नाही. कुणी म्हणेल हा कसला नियम, माझी आई दहा ऋतू काठीनं बोलली. हे झालं भांडण. तुमची मुलगी 'त्यांच्यातली' होते ती सगळ्या जमातीतली नाही, ती काठीवाल्यांमधली होते, आणि काठीवाल्यांमध्येही एखादं कुरकुरणारं असेलच की ही पोरगी आल्यापासून लोक आपल्यालाही परकं समजायला लागलेत.

बघा, नवा एकही अवयव लागला नाही आणि मित्राची तक्रार बरीचशी मिटली.

जे इतर वाचक असंच काही लिहीत असतील त्यांनाही हे करून बघता येईल : तुमच्या समाजातला एक विधी घ्या आणि तो करणाऱ्या तिघांची मनातली कारणं वेगवेगळी लिहा, त्यातला एक विधी टाळू बघणारा असू द्या, आणि हे बाहेरच्या पाहुण्याला समजावून सांगण्याच्या सुरात लिहू नका. पाहुण्याला सगळे गोड गोड आणि एकमतानं सांगतात.

भाषेचं थोडं. तुम्ही मराठीत लिहिताय आणि त्याचा फायदाच उठवत नाहीये. आपल्याकडे 'आम्ही' आहे आणि 'आपण' आहे. तुमच्या ड्राफ्टमध्ये तेच वृद्ध पात्र एका पानावर मुलीला 'आपण मेलेल्याची वाट चालतो' म्हणतं आणि पुढच्याच पानावर 'आम्ही असं करत नाही', आणि मला खात्री आहे की तुम्ही हे ठरवून केलेलं नाही. ठरवून करा. कोण तिला कायम 'आम्ही' ऐकवतं, कोण पहिल्या दिवसापासून 'आपण' म्हणतं, कुणाच्या तोंडून एकदा 'आपण' निसटतं आणि ते लगेच सावरून 'आम्ही' करतं. कुठेही यावर टिप्पणी करू नका, वाचकाला कळतं.

दुसरं, तुम्ही म्हणता की जमातीत नर-मादी भेद नाही. मग राखण करणारे सगळे 'तो' आणि पिल्लं सांभाळणारे सगळे 'ती' कसे झाले? ले ग्विननंही सगळ्यांना सरसकट 'तो' केलं होतं, त्यावरून टीका झाली, आधी तिनं बाजू मांडली आणि नंतर स्वतःच ती भूमिका बदलली. मराठीत तर क्रियापदालाही लिंग चिकटतं त्यामुळे लपायला जागाच नाही. 'ते आलं, ते बसलं' असं लिहून बघा, सुरुवातीला लहान बाळाबद्दल बोलतोय असं वाटेल, दहाबारा पानांनी डोळा सरावतो.

आता मैत्रीण. ती बरोबर आहे, आणि तिचं ऐका.

'किती घेतलं तर चालतं' हा प्रश्न टक्क्यांचा नाहीये. त्या विधीचे तपशील मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमच्या मैत्रिणीनं ओळखला तसा अजून कुणीही ओळखेल. मला तुम्हाला वेगळंच विचारायचंय. 'काहीतरी परकं, विचित्र, दुसऱ्या ग्रहावरचं' असं डोक्यात आल्यावर तुमचा हात नेमका त्याच समाजाच्या पुस्तकाकडे का गेला? तुमच्या स्वतःच्या घरातला एखादा विधी तुम्हाला एलियनला द्यावासा का नाही वाटला? तो पण बाहेरून बघितला तर कमी विचित्र नसतो. याच काळात, याच जगात राहणारी, फोन वापरणारी, परीक्षा देणारी माणसं आपल्या कल्पनेत थेट परग्रहावर जाऊन बसतात, हा खरा अपमान आहे, उचलेगिरीपेक्षा मोठा. वेल्सच्या त्या वाक्याचं म्हणूनच सांगितलं.

सद्हेतू असला की भागतं असंही नाही. 'डिस्ट्रिक्ट ९' हा २००९ चा सिनेमा घ्या. जोहान्सबर्गमध्ये अडकलेले एलियन, त्यांची कोंदट वस्ती, त्यांना शिवीवजा नाव, हुसकावून लावायच्या नोटिसा. नाव केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्सची आठवण करून देणारं, जो भाग १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि तिथून साठ हजारांच्या वर माणसं हलवली गेली. एलियनच्या बाबतीत सिनेमा इतका विचार करतो, आणि त्याच सिनेमात नायजेरियन माणसं म्हणजे गुंड, अंधश्रद्ध टोळी. नायजेरियाच्या सरकारनं जाहीर आक्षेप घेतला, थिएटरांना सिनेमा दाखवू नका सांगितलं. परग्रहवासीयांना न्याय द्यायच्या नादात आपल्याच खंडातला देश राहून गेला.

तर विधी काढा, पण त्यातला प्रश्न ठेवा. प्रत्येक अंत्यविधी कसली तरी अडचण सोडवत असतो. तुमच्या जमातीची अडचण काय असेल? त्यांना प्रत्येकाची चाल पायांतून माहीत असते, रोज, दिवसभर. कुणी मेलं की जमिनीतला एक ठोका थांबतो आणि अख्ख्या वस्तीला तो थांबलेला जाणवत राहतो. त्या पोकळीचं ते काय करतील? कदाचित काही दिवस कुणीतरी मेलेल्याच्या रोजच्या वाटेवरून त्याच्यासारखं चालेल, हळूहळू आपली चाल आणत, म्हणजे ठोका एकदम तुटायला नको. तुमच्या त्या वृद्धाच्या एका वाक्यात हे अर्धवट आलंच आहे, ते वाढवा. असा विधी कुणाकडून उचलावा लागत नाही, तो त्यांच्या पायांतूनच येतो. आणि मग लगेच भांडण तयार : मुलीला सांभाळणारं जेव्हा मरेल तेव्हा त्याची वाट तिनं काठीनं चालायची का? लाकडाच्या ठोक्यात त्याची चाल येईल का? वस्ती दोन दिवस यावर भांडेल आणि तिला, काठी जबड्याला लावली तरच, ते ऐकू येईल.

कुणाला खऱ्या समाजावर बेतूनच लिहायचं असेल तर त्या समाजातल्या वाचणाऱ्या माणसांना ड्राफ्ट आधी दाखवा, छापून झाल्यावर नाही. त्यांचा वेळ फुकट धरू नका. आणि 'हे नको' असं उत्तर येऊ शकतं याची तयारी ठेवूनच विचारा, नाहीतर तो नुसता शिक्का मागणं होतं.

एवढं सगळं करूनही कुणीतरी म्हणेलच की हे रूपक अमक्याचं आहे. अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलरच्या 'ब्लडचाइल्ड' (१९८४) या कथेत परग्रहावर आश्रयाला गेलेली माणसं आणि तिथले एलियन यांचं नातं आहे, लोकांनी ती गुलामगिरीची कथा म्हणून वाचली, आणि बटलरनं स्पष्ट सांगितलं की ती गुलामगिरीची गोष्ट नाहीये. तरी लोक तशी वाचतातच. वाचू देत.

राहिला शेवट. जायचं की राहायचं. तुम्ही अडकलात कारण दोन्ही उत्तरं खोटी वाटतायत, आणि ती आहेतच खोटी. गेली तर 'रक्त शेवटी रक्ताकडे', राहिली तर 'प्रेम जिंकलं', दोन्ही शेवट वाचकाला पहिल्या पानावरच माहीत असतात. बटलरच्याच 'अ‍ॅडल्टहूड राइट्स' (१९८८) या कादंबरीत अकिन नावाचा मुलगा आहे, अर्धा माणूस अर्धा ओआन्काली, म्हणजे त्यातल्या एलियन जमातीचा. तान्हा असताना त्याला एलियनना न मानणारी माणसं पळवून नेतात, तो त्यांच्यात राहतो, आणि मोठा झाल्यावर तो दोघांपैकी कुणाची निवड करत बसत नाही. तो ओआन्कालींसमोर उभा राहून माणसांची बाजू मांडतो, की यांना यांच्यासारखं राहायला एक वेगळी जागा मिळालीच पाहिजे, आणि ती मंगळावर मिळते. आणि गंमत म्हणजे तो हे ओआन्कालींच्याच एका जुन्या रिवाजाचा आधार घेऊन मागतो, त्यांच्यात एक गट मुद्दाम न बदलता ठेवला जातो, तसंच माणसांचंही ठेवा म्हणून. मध्ये वाढलेल्या पोराला दोन्हीकडचे कायदे माहीत असतात, तो ते वापरतो. तुमच्या मुलीलाही यान आल्यावर 'मी कोण' यापेक्षा काहीतरी मागायचं असू द्या. यानातली माणसं जमिनीवर बूट घालून चालणार, जड, बेतालपणे, म्हणजे वस्तीच्या दृष्टीनं अखंड बरळणार. त्यांना बूट काढा म्हणून कोण सांगणार, आणि वस्तीला 'ते काही म्हणत नाहीयेत, नुसतं चालतायत' हे कोण पटवणार? तिच्याशिवाय कुणाला जमेल? आणि ते करताना ती चिडेल दोघांवरही, चिडू द्या, ड्राफ्टमध्ये ती फारच शहाण्यासारखी वागते.

पण शेवटाला आत्ता हात लावू नका. आधी ती सभा लिहा जिच्यात काठीचे ठोके धरायचे की नाही यावर वाद होतो, आणि त्या सीनमध्ये मुलगी नसू द्या, म्हणजे जमातीला तुमच्याशिवाय बोलायची सवय लागेल. दोन्ही बाजू तुम्हाला थोड्या थोड्या पटायला लागल्या की सीन जमला समजा. मग तो मित्राला नाही, आधी मैत्रिणीला दाखवा, ती जास्त लक्ष देऊन वाचते.

आणि ते पहिलं प्रकरण, तीन चंद्र आणि त्यांच्या भरती-ओहोटीचं, मन घट्ट करून काढून टाका. चांगलं लिहिलंय, पण तिथे अजून कुणी राहत नाही.